शाळा निवडण्याचा अधिकार आणि दलितांचीं मुलें

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



जून महिना जवळ आला कीं शहरांतल्या सुशिक्षित घरांतून एकच चर्चा ऐकूं येते. मुलाला कोणत्या शाळेंत घालावयाचें? कोणत्या शाळेचें इंग्रजी चांगलें, कोठें शिस्त बरी, कोणाची बस दारापर्यंत येते, याची चौकशी होते. दोन-चार शाळा पाहिल्या जातात आणि मग एकीवर शिक्कामोर्तब होतें. ही निवड करतांना आपण कांहीं विशेष अधिकार बजावीत आहों, असें आपल्या मनांतही येत नाहीं. इतकी ती आपल्या अंगवळणीं पडली आहे. परंतु याच महाराष्ट्रांत ज्या समाजाला शाळेची पायरी चढण्यासाठींच पिढ्यान्‌पिढ्या झगडावें लागलें, त्या समाजाच्या आईबापांना 'कोणती शाळा?' हा प्रश्न विचारण्याची संधि अगदीं अलीकडे मिळूं लागली आहे. ती संधि कितपत खरी आहे, ती कोठें अडते आणि ती पुरतेपणीं खरी व्हावी म्हणून काय केलें पाहिजे, याविषयीं आज चार शब्द आपणांपुढें ठेवावयाचे आहेत. मी बीड जिल्ह्यांतल्या खेड्यांतून तीसहून अधिक वर्षें प्राथमिक शिक्षकाचें काम केलें. तेव्हां मी जें सांगणार आहें, तें जितकें वाचलेलें आहे, तितकेंच वर्गांत पाहिलेलेंही आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. १८५६ सालीं धारवाड येथील एका महार मुलानें तेथील सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला, तेव्हां त्यानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारच्या उत्तराचा मथितार्थ असा होता कीं, न्याय या मुलाच्या बाजूचा आहे खरा. परंतु त्यास घेतलें तर बाकीचीं मुलें शाळा सोडतील आणि शाळाच ओस पडेल. पुढें १८५८ सालीं, सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात, हें तत्त्व मान्य झालें. पण खेड्यांतल्या शाळेच्या ओट्यापर्यंत तें पोंचावयास कित्येक पिढ्या लागल्या. या प्रकरणांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, मुलानें शाळा निवडली होती. शाळेनें मात्र मुलास निवडलें नाहीं. आजच्या वादाचेंही मूळ येथेंच आहे.

सरकार जें करावयास धजलें नाहीं, तें पुण्यास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं त्यापूर्वींच आरंभिलें होतें. १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा काढली आणि पुढील चार-पांच वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठीं शाळा उघडल्या. त्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांग मुलीनें १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, हें पुष्कळांस ठाऊक असेल. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस इतरांच्या शाळेंत बसवावें, असा हुकूम काढला. साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह चालू केलें. एकानें शाळा दिली, दुसऱ्यानें शाळेचें दार उघडलें, तिसऱ्यानें शाळेजवळ राहावयास जागा दिली. या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत आणि तिन्ही लागतात, हें आपण विसरतां कामा नये.

आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. शिक्षणाच्या बाबतींत तो आधींच मागें, आणि त्यांतही दलित वस्ती सर्वांच्या मागें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि तिच्यामार्फत १९५० सालीं तेव्हांच्या औरंगाबादेस जें महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवारूपास आलें. ज्यांच्या घरांत अक्षरओळख नव्हती अशा मराठवाड्याच्या खेड्यांतलीं मुलें तेथें जाऊन पदवीधर झालीं. 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं' असें अजूनही कोणी म्हणतांना आढळतो. इतिहास तर उलटच सांगतो. जेथें जेथें दार उघडलें, तेथें तेथें हे आईबाप पोटाला चिमटा घेऊन मूल पुढें करीत आले आहेत.

आतां क्षणभर समुद्रापलीकडे जाऊं. आपल्याकडील दलितांच्या प्रश्नाशीं अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या प्रश्नाचें साम्य अनेकांनीं दाखविलें आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. तेव्हां दक्षिणेकडील कित्येक संस्थानांनीं 'पालकांचें निवडीचें स्वातंत्र्य' हाच शब्द ढालीसारखा पुढें केला. व्हर्जिनियांतील प्रिन्स एडवर्ड नांवाच्या तालुक्यानें तर १९५९ पासून १९६४ पर्यंत आपल्या सार्वजनिक शाळा कुलूप लावून बंद ठेवल्या. गोऱ्यांच्या मुलांसाठीं खाजगी शाळा निघाली, तिच्या शुल्कास सार्वजनिक मदत मिळाली. काळ्यांच्या मुलांना मात्र पांच वर्षें शाळाच उरली नाहीं.

परंतु हाच शब्द पुढें निराळ्या तोंडून ऐकूं आला. विस्कॉन्सिन संस्थानांतील मिल्वॉकी शहरांत पॉली विल्यम्स या काळ्या समाजाच्या लोकप्रतिनिधि बाईंनीं असा आग्रह धरला कीं, श्रीमंत माणूस नावडती शाळा सोडून दुसरी धरतो, तर गरीब आईला ती मोकळीक कां नसावी? त्यांच्या प्रयत्नानें १९९० सालीं तेथें योजना सुरू झाली. गरीब कुटुंबाच्या मुलाचें खाजगी शाळेचें शुल्क सरकार देई, आणि अर्ज अधिक आले तर शाळेला मनाजोगतें मूल वेंचतां येत नसे. चिठ्ठ्या टाकाव्या लागत. या योजनेनें परीक्षेचे गुण किती वाढले याविषयीं विद्वानांत आजही मतभेद आहेत. पुढें उत्पन्नाची मर्यादा सैल करून ती योजना सुस्थितींतल्या घरांपर्यंत नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हां याच बाईंनीं विरोध केला. यावरून एक कसोटी हातीं लागते. निवडीचें स्वातंत्र्य म्हटलें कीं विचारावें, निवड कोणाची? पालकाची कीं शाळेची? आणि पालकाची असेल, तर कोणत्या पालकाची?

या कसोटीवर आपला कायदा लावून पाहूं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या १२ व्या कलमांत अशी तरतूद आहे कीं, सरकारी अनुदान न घेणाऱ्या खाजगी शाळांनींही प्रवेशाच्या पहिल्या वर्गांतील शेंकडा २५ जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्याव्यात आणि आठवीपर्यंत त्यांना फुकट शिकवावें. त्या मुलांचा खर्च शासनानें शाळेस भरून द्यावयाचा. शाळाचालकांनीं या कलमास आव्हान दिलें. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं तें कलम उचलून धरलें. मात्र अल्पसंख्याकांच्या शाळांना २०१४ च्या निकालानें यांतून सूट मिळाली. महाराष्ट्रांत अनुसूचित जातींच्या मुलांना या जागांसाठीं उत्पन्नाची अट नाहीं. अर्ज संगणकावर भरावयाचा, घरापासून ठराविक अंतरांतल्या शाळा पसंतीनें नोंदवावयाच्या, आणि जागांपेक्षां अर्ज अधिक झाले तर सोडत निघावयाची. मुलाची परीक्षा घेणें, आईबापांची मुलाखत घेणें किंवा देणगी मागणें कायद्यानें मना आहे.

ही सोडत म्हणजे नशिबाचा खेळ, म्हणून पुष्कळ लोक तिला नांवें ठेवतात. मला तर या सर्व योजनेंत सोडतच मोलाची वाटते. धारवाडच्या मुलास ज्या गोष्टीनें हरविलें, ती शाळेची पसंती. सोडतीच्या चिठ्ठीला आडनांव वाचतां येत नाहीं. ती बापाचा धंदा विचारीत नाहीं, आईचें लुगडें पाहत नाहीं. जेथें जेथें सोडत मोडून 'योग्य मुलांची निवड' करण्याची वाट मोकळी होईल, तेथें तेथें जुनीच गोष्ट नव्या कागदावर लिहिली जाईल.

या तरतुदीवर घालाही आलेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें राज्य सरकारनें नियम बदलून असें ठरविलें कीं, ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल, तिच्यावर २५ टक्क्यांचें बंधन राहणार नाहीं. शहरांत अशी सरकारी शाळा नाहीं असा मोहल्ला विरळाच! म्हणजे दार लावून घेण्याचाच हा प्रकार झाला. मुंबई उच्च न्यायालयानें मे महिन्यांत त्यास स्थगिति दिली आणि १९ जुलै २०२४ रोजीं तो बदल रद्द केला. ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही त्यांत हात घालण्याचें नाकारलें. पण मधल्या काळांत प्रवेश लांबले, आणि ज्या बापास आठ दिवसांची मजुरी बुडवून कागद गोळा करावे लागतात, त्याचें वर्ष धाकधुकींत गेलें. शाळांचीही एक तक्रार खरी आहे. सरकारकडून यावयाची रक्कम वर्षानुवर्षें थकते. ज्या मुलाचे पैसे येत नाहींत तें मूल शाळेला ओझें वाटूं लागतें, आणि त्या ओझ्याचा भार शेवटीं त्या मुलाच्याच पाठीवर पडतो.

आतां कोणी विचारील, खाजगी शाळेंत गेल्यानें मुलाचें खरोखर भलें होतें काय? या बाबतींत दोन शास्त्रीय प्रयोग सांगण्याजोगे आहेत. आंध्र प्रदेशांत २००८ पासून कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनीं खेड्यांतल्या मुलांना सोडतीनें खाजगी शाळेचें शुल्क देवविलें. चार वर्षांनंतर असें दिसलें कीं, तेलुगू व गणित या विषयांत खाजगी शाळेंत गेलेलीं मुलें सरकारी शाळेंतल्या मुलांच्या बरोबरीचींच होतीं. हिंदींत मात्र तीं बरींच पुढें गेलीं, कारण सरकारी शाळेंत तो विषय त्या वयांत शिकविला जात नसे. आणि खाजगी शाळांचा दर मुलामागें खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे खाजगी शाळा ही जादूची कांडी नव्हे. आणि सरकारी शाळेचा गुरुजी नालायक असतो, ही समजूतही खरी नव्हे.

दुसरा अभ्यास दिल्लीचा. तेथील श्रीमंतांच्या शाळांत गरिबांचीं मुलें बसूं लागल्यानंतर सधन मुलांवर काय परिणाम झाला, हें गौतम राव यांनीं तपासलें. त्यांचा निबंध २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेलीं सधन मुलें अधिक उदार झालीं, गरिबांविषयीं भेदभाव करण्याची त्यांची वृत्ति कमी झाली, आणि अभ्यासांत म्हणण्यासारखी हानि झाली नाहीं. 'त्यांच्या संगतीनें आमचीं मुलें बिघडतील' अशी भीति ज्यांना वाटते, त्या सुशिक्षित श्रोत्यांनीं याचा विचार अवश्य करावा.

आतां आमच्या बीड जिल्ह्याकडे येतों. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें या जिल्ह्याची वस्ती २५ लाख ८५ हजार. तींत अनुसूचित जातींचे लोक शेंकडा १३ ते १४. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतील गांवांत जिल्हा परिषदेची एक शाळा असते आणि बहुधा दुसरी नसते. तेथें निवडीचा अधिकार म्हणजे एकच पदार्थ असलेल्या ताटांतून आवडीचें घ्या, असें सांगण्यासारखें आहे. २५ टक्क्यांच्या जागा बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगांव, गेवराई अशा गांवांतून. ज्यांना त्यांची गरज, तीं माणसें पुष्कळदां वाडीवस्तीवर.

आणि दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली कीं मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं पश्चिम महाराष्ट्रांतल्या आणि कर्नाटकांतल्या कारखान्यांकडे निघतात, तीं चैत्राच्या सुमारास परततात. त्यांत दलित आहेत, वंजारी आहेत, इतरही आहेत. मूल मागें ठेवावें तर सांभाळणारें कोण, आणि बरोबर न्यावें तर सहा महिने शाळा बुडते.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांतली गोष्ट आहे. तालुक्याच्या गांवाच्या कडेला राहणारा एक भूमिहीन मजूर माझ्याकडे आला. त्याच्या मुलीचें नांव सोडतींत निघालें होतें, शाळा इंग्रजी माध्यमाची होती. मी त्याचें अभिनंदन केलें. तो म्हणाला, "गुरुजी, नंबर तर लागलाय. पण दिवाळी झाली की आमी कारखान्याला जाणार. म्हातारी एकटी लेकराला कसं सांभाळंल? अन् शाळेतनं इंग्रजीत चिठ्ठी आली तर वाचायची कुणी?" त्याच्या दोन्ही प्रश्नांना कायद्यांत उत्तर नव्हतें. तरी त्यानें मुलीस शाळेंत घातलें. पहिलें वर्ष तिनें आजीजवळ राहून काढलें. चिठ्ठ्या शेजारची कॉलेजांत जाणारी मुलगी वाचून दाखवी. दुसऱ्या वर्षीं आजी अंथरुणास खिळली आणि मुलगी आईबापांबरोबर फडावर गेली. उन्हाळ्यांत परतल्यावर ती आमच्या शाळेंत येऊं लागली. मोफत जागा कागदावर तशीच राहिली. त्या मुलीला हुशारी कमी नव्हती, बापाला हौस कमी नव्हती, सरकारनें जागाही दिली होती. कमी पडली ती रात्रीं निजावयाची सुरक्षित जागा.

म्हणूनच मी शाळा, दार आणि वसतिगृह अशा तीन गोष्टी आरंभीं सांगितल्या. हंगामी वसतिगृहें आमच्या जिल्ह्यांत चालतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ सालीं जाहीर झाली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गांवीं विनासायास वर्गांत बसतां यावें म्हणून शिक्षण हमी पत्रक दिलें जातें. योजना चांगल्या आहेत. त्यांची खरी परीक्षा एकाच गोष्टीनें करावी : दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारीं वसतिगृहाचें दार उघडें असतें कीं नाहीं. दार मार्गशीर्षांत उघडलें, तर तोंवर मूल फडावर पोंचलेलें असतें.

इंग्रजी माध्यमाविषयींही दोन शब्द बोललें पाहिजे. मातृभाषेंतून मूल लवकर शिकतें, हें मी तीस वर्षें अनुभविलें आहे आणि तसें मी पालकांना सांगतही आलों. परंतु ज्यांनीं आपलीं मुलें-नातवंडें इंग्रजी शाळेंत धाडलीं, त्यांनीं दलित मजुरास मराठीचें माहात्म्य सांगूं नये. त्याला इंग्रजींत ज्ञानापेक्षां मान दिसतो, आणि तो तसा दिसावा अशी व्यवस्था आपणच केलेली आहे. आपलें काम त्याला खरी माहिती देण्याचें. घरीं अभ्यास कोण घेईल, आठवीनंतर फुकट शिक्षण संपतें तेव्हां शुल्क कोण भरील, हें त्याच्यापुढें मांडावें. मग त्यानें निवडावें. चुकण्याचा जितका अधिकार आपल्याला आहे, तितका त्यालाही आहे.

आतां करावयाच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. शासनानें शाळांची रक्कम वर्षाचे वर्षीं चुकती करावी आणि सोडतीस हात लावूं नये. आठवीपर्यंत मोफत शिकलेल्या मुलाचें दहावीपर्यंतचें शुल्क भरण्याची सोय करावी. ऐन शिडीच्या मध्यावर पायरी काढून घेण्यांत काय शहाणपण आहे? पुस्तकें, गणवेश आणि वाहन यांचा खर्च अनेक ठिकाणीं बापाच्या अंगावर पडतो, तो टळावा. शाळांनीं या मुलांना निराळ्या बांकांवर किंवा निराळ्या तुकडींत बसवूं नये. नियमही हेंच सांगतो. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, चार मुलांना खाजगी शाळेंत जागा दिली म्हणून मागें राहिलेल्या चाळीस मुलांची जिल्हा परिषदेची शाळा वाऱ्यावर सोडूं नये. डोंगरांतल्या वस्तीवर तीच शाळा. तेथें चांगला शिक्षक असणें, हाच तेथील पालकाचा निवडीचा अधिकार होय.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या मुलांच्या वर्गांत सोडतीनें आलेलीं मुलें बसतात, त्यांना माझी एक विनंति आहे. वाढदिवसाचें बोलावणें वर्गांतल्या सगळ्या मुलांना जावें. डबा सोडून खातांना कोणी एकटें बसूं नये. शाळेची इंग्रजी चिठ्ठी कोणा आईला वाचतां येत नसेल, तर दोन मिनिटें थांबून ती मराठींत सांगावी. कायदा मुलाला शाळेच्या आंत नेऊन सोडतो. तेथें त्याला टिकवून धरणें हें शेजारच्या बांकावरच्या मुलाच्या आणि त्या मुलाच्या आईबापांच्या हातीं आहे.

येत्या जूनमध्यें आपण शाळांची चौकशी करावयास बाहेर पडाल, तेव्हां आपल्या घरीं भांडीं घासणारी बाई, आपल्या सोसायटीचा रखवालदार, यांच्या घरीं पहिलींत जाणारें मूल आहे काय, एवढें विचारावें. अर्जाची मुदत त्यांना सांगावी आणि जवळ बसून तो भरून द्यावा.